हेमलकशाचा कथाकार

लेखकांची मैत्री म्हटली की मराठी वाचकाला जी. ए. कुलकर्णी आणि सुनीताबाई देशपांडे यांचा पत्रव्यवहार आठवतो. १९८७ साली जी. एं.च्या निधनाने तो थांबला आणि सुनीताबाईंची पत्रे पुढे ‘प्रिय जी. ए.’ या पुस्तकात आली. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यातल्या हेमलकशाचे उदाहरण मात्र याहून वेगळे आहे, कारण तेथे मैत्री आधी कामातून जुळली आणि लेखन नंतर आले. १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांचे सहकारी झालेले विलास मनोहर पेशाने साहित्यिक नव्हते. तरीही माडिया गोंड या तेथील जंगलातल्या मूळ रहिवासी समाजात राहून त्यांनी ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी लिहिली. व्यापारी, सरकारी यंत्रणा आणि बंदूकधारी यांच्यामध्ये सापडलेला माणूस नक्षलवादाच्या वाटेला कसा ढकलला जातो, हे अहवालाला सांगता येत नाही. ते पात्राच्या मनात शिरून सांगण्याची सोय कादंबरीत असते. ‘नेगल’मध्ये, म्हणजे तेथील बिबट्याच्या नावाच्या पुस्तकात, तोच लेखक पाळलेल्या वन्यप्राण्यांचा सहवास मांडतो, आणि अशा सहवासाला वियोग चुकत नाही. डॉ. प्रकाश यांचे वडील बाबा आमटे यांच्यावर लिहिताना त्यांनी पुस्तकाच्या नावातच ‘(न) कळलेले’ असे म्हटले. जवळच्या माणसाविषयीचा हा प्रामाणिकपणा चरित्रलेखनात दुर्मीळ आहे.