शिबिराला पाठवताना लेकराचा आजार लपवू नका

परीक्षा संपल्या की वस्तीतल्या विहारांवर श्रामणेर शिबिरांचे, बालसंस्कार शिबिरांचे फलक लागतात. आठ-दहा दिवस लेकरे घराबाहेर राहतात. पहाटे उठतात, वंदना म्हणतात, बाबासाहेबांचे चरित्र ऐकतात, जेवल्यावर आपले ताट आपण धुतात. मुलांना जरूर पाठवा, असेच आम्ही म्हणू. पण नाव नोंदवताना ‘मुलाला काही आजार आहे काय?’ असे विचारतात आणि पुष्कळदा आपण ‘नाही’ एवढेच लिहून मोकळे होतो. आज त्या एका ओळीबद्दल बोलायचे आहे.

विदर्भातल्या आपल्या घरांत सिकलसेल हा शब्द नवा नाही. नागपूर, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली या पट्ट्यात अनुसूचित जाती-जमातींत हा आजार बराच आढळतो. तिकडून कामासाठी मुंबई-पुण्याला आलेल्या कुटुंबांतही तो आहे. आई आणि बाप, दोघांकडून दोष आला तर मूल सिकलसेलग्रस्त, म्हणजे ‘एसएस’. एकाकडूनच आला तर वाहक, म्हणजे ‘एएस’. वाहक मूल सहसा ठणठणीत असते. त्याने पाणी भरपूर प्यावे आणि उन्हात अंग मोडेपर्यंत धावू नये, एवढे पुरे. एसएस मुलाचे तसे नाही. त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातापायांत, पोटात, छातीत असह्य कळा येतात. या कळा उठतात कशाने? अंगातले पाणी कमी झाले, फार दमणूक झाली, गार पाण्याने अंघोळ झाली, ताप आला, की उठतात. मे महिन्यात टिनाच्या शेडखाली भरलेल्या शिबिरात यातले काय होत नाही?

तरीही आईबाप लपवतात. त्याचे कारणही आम्हाला माहीत आहे. मुलगी असेल तर चार लोकांत कळले की उद्या सोयरीक अडेल, ही भीती. मुलगा असेल तर शिबिरात घेणार नाहीत, ही भीती. पण शिक्षकांना ठाऊकच नसेल, तर पाय दुखतो म्हणून बसलेले लेकरू त्यांना कामचुकार वाटते. ते त्याला उठवून रांगेत उभे करतात. यात शिक्षकांचा दोष कसा म्हणायचा?

आमचे मत स्पष्ट आहे. एसएस मुलाला निवासी शिबिराला पाठवायचे की नाही, हे त्याच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. नुकतीच कळ येऊन गेली असेल तर या वर्षी थांबा, दिवसा विहारात नेऊन संध्याकाळी घरी आणा. पाठवलेच तर शिबिरप्रमुखांना आणि भंतेजींना बाजूला घेऊन सांगा: ताप 101 अंशांवर गेला, छातीत दुखले, धाप लागली, तोंड वाकडे झाले किंवा हातपाय लुळा पडला, तर सकाळची वाट न बघता 108 ला फोन करून दवाखान्यात न्यायचे. घरात कोणाला सिकलसेल आहे आणि लेकराची तपासणी झालेली नाही, असे असेल तर शिबिराआधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या.

श्रामणेर शिबिरात दुपारी बारानंतर जेवण नसते. निरोगी, मोठ्या मुलाला ते झेपते. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाला झेपणार नाही, त्याच्या जिवावर बेतेल. अशा मुलाला चीवर न देता साध्या शिबिरात बसवा. यात धम्माचा अवमान नाही. विनयपिटकात आजारी भिक्खूला गूळ आणि निरोगी भिक्खूला गुळाचे पाणी घेण्याची मुभा आहे. अतिसाराने लोळत पडलेल्या भिक्खूला स्वतः भगवंतांनी आनंदासोबत धुतले, बिछान्यावर निजवले. आणि आईबापांच्या संमतीशिवाय मुलाला प्रव्रज्या देऊ नये, हा नियम राहुलच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनाच्या विनंतीवरून झाला. तेव्हा विचारण्याचा हक्क तुमचा आहे, संकोच करू नका. संध्याकाळी मुलांना लिंबूपाणी, गूळपाणी मिळते का, हे आधीच विचारा.

पाण्याची आणखी एक गोष्ट. लेकरे शिबिरात पाणी कमी पितात, कारण संडासाला रांग असते, रात्री अंधारात जायची भीती वाटते. अंथरूण ओले होईल या लाजेने काही मुले दुपारपासूनच तोंड मिटून घेतात. सिकलसेलच्या मुलांना लघवी जास्त होते, रात्री अंथरुणात होण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त असते. म्हणजे ज्याला पाणी सर्वांत गरजेचे, तेच लेकरू पाणी टाळते. पिशवीत एक रबरी चादर आणि जास्तीची चड्डी घाला, आणि ताईंना किंवा सरांना हळूच सांगून ठेवा. ओआरएसची चार पाकिटेही द्या. एक पाकीट एक लिटर पाण्यात, आणि ते पाणी 24 तासांत संपवायचे.

मुंडण करताना प्रत्येक मुलाला नवे ब्लेड हवे, एकाच वस्तऱ्याने रांग उरकू देऊ नका. रक्तातून पसरणारी कावीळ अशाच कामातून येते. रात्री मुलींच्या खोलीत कोण महिला झोपणार, मुलांजवळ कोण, हेही विचारा. मूल फोनवर घरची आठवण येते म्हणून रडले तर समजूत घाला. पण ‘त्यांच्याजवळ मला झोपायचे नाही’ असे म्हणाले, तर त्याच दिवशी जाऊन त्याला घेऊन या, बाकीची चौकशी नंतर. 1098 ही बालकांची हेल्पलाइन आहे.

निघताना एका कागदावर मराठीत लिहून द्या: मुलाचे नाव, रक्तगट, आजार, कोणती गोळी किती वाजता, कशाची ॲलर्जी, दोन फोन नंबर. मिरगीची, टीबीची, हायड्रॉक्सियुरियाची गोळी शिबिरात एक दिवसही चुकता कामा नये, म्हणून दोन दिवसांच्या जास्तीच्या बांधा. गोळ्या मुलाच्या पेटीत न ठेवता शिबिरप्रमुखांच्या हातात द्या. दम्याचा पंप मात्र मुलाच्या जवळच राहू द्या.