एका संख्येचें कौतुक

विद्यार्थ्यांनो, १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या उलट वाचली तरी तीच राहते. हा चमत्कार नव्हे. नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा, हा वर्ग होय. पाटीवर गुणाकार मांडून पाहा: उभ्या रांगांत अनुक्रमें एक, दोन, तीन असे नऊपर्यंत एक जमतात व पुन्हां तसेच उतरत जातात. कोठेंहि हातचा येत नाहीं, म्हणूनच ही शोभा. हिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ नें हिला निःशेष भागहि जातो.

मात्र दहा एक घ्या. मधल्या रांगेंत दहा जमतात, हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असा वर्ग येऊन रचना भंगते. नऊ वेळां टिकलेला नियम दहाव्यांदां टिकेलच असें नाहीं. यास्तव कारण शोधावें.

अशा संख्यांना देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनीं ‘डेम्लो’ हें नांव दिलें. डेम्लो म्हणजे आजचें डोंबिवली. आपल्या अकोला-बडनेऱ्यावरून जी जी. आय. पी. रेल्वे जात असे, तिच्यावरीलच तें स्थानक. तेथें त्यांना ही कल्पना सुचली. पदव्युत्तर शिक्षण त्यांना लाभलें नव्हतें. तरी १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांच्या लेखानें त्यांचें नांव जगभर झालें. कागद, पेन्सिल व चिकाटी हीच त्यांचीं साधनें. त्यांपैकीं पहिलीं दोन तुमच्या दप्तरांत आहेतच.