चारपासून मोजणारी तार

दसरा जवळ आला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांत बॉयलर अग्निप्रदीपनाची लगबग सुरू होते. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर ही सहकारी साखर कारखान्यांची गावं तिकडच्या मुलांना तोंडपाठ असतात. पूजा होते, नारळ फुटतो, बॉयलर पेटतो. मग गव्हाणीत उसाची मोळी पडते आणि गळीत हंगाम सुरू होतो. पुढचे कितीतरी महिने बॉयलरची ती भट्टी दिवसरात्र धगधगत असते.

ही भट्टी बोलते, हे माहीत आहे का तुम्हाला? ‘मी एवढी तापले’, ‘माझ्यातलं पाणी एवढं उरलंय’ असं ती क्षणाक्षणाला सांगत असते. ऐकणारी माणसं आणि यंत्रं बसलेली असतात लांब, कंट्रोल रूममध्ये. आणि हे सगळं बोलणं चालतं कशातून, तर बोटापेक्षाही बारीक केबलमधल्या दोन तारांतून! चला, आज त्या तारांचं बोलणं ऐकू या.

आधी भट्टीची ओळख

ऊस पिळून रस निघाला की मागे राहतो तो भुसा, म्हणजे बगॅस. 100 टन उसामागे साधारण 28 ते 30 टन बगॅस निघतो. त्यात निम्मं पाणीच असतं, तरी तो छान जळतो. त्या उष्णतेनं बॉयलरच्या नळ्यांमधल्या पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं आणि वीज तयार होते. त्या विजेवर कारखाना चालतो. सहवीजनिर्मिती प्रकल्प असेल, तर उरलेली वीज बाहेर विकताही येते.

या वाफेचा दाब किती असतो? घरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो जादा दाब असतो. सहवीजनिर्मितीच्या बॉयलरमध्ये तोच आकडा 67, 87, काही ठिकाणी तर 110 असतो! म्हणून तर आपल्या देशात बॉयलरसाठी 1923 सालीच वेगळा कायदा झाला. अशा आगीजवळ उभं राहून कुणी सारखं डोकावून पाहू शकत नाही. तिथं पाहण्याचं काम करतात उपकरणं.

दोन धातू आणि थोडीशी वीज

यातलं एक उपकरण जवळून पाहू. त्याचं नाव थर्मोकपल. दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा घ्यायच्या आणि दोघींचं एकेक टोक एकमेकांना जोडायचं. तो जोड तापला की दुसऱ्या, थंड टोकांशी चक्क विजेचा दाब मिळतो. ना सेल, ना बटण! टॉमस झेबेक या शास्त्रज्ञाला हा परिणाम 1821 साली दिसला.

कारखान्यांत ‘के’ प्रकारचं थर्मोकपल खूप वापरतात. त्यातल्या दोन्ही तारा निकेलच्या मिश्रधातूंच्या असतात. जोड 1000 अंश सेल्सिअसला तापवला, तरी त्यातून मिळतात जेमतेम 41 मिलिव्होल्ट. टॉर्चच्या साध्या सेलमध्ये 1500 मिलिव्होल्ट असतात, आता बघा! एवढा नाजूक संदेश पंखे, पंप आणि मोठमोठ्या मोटारींच्या गर्दीतून लांबवर जसाच्या तसा पोचणं कठीण. म्हणून भट्टीजवळच एक डबी बसवतात. तिला म्हणतात ट्रान्समीटर. ती तो संदेश घेते आणि तारेतून जाणाऱ्या विजेच्या प्रवाहात बदलते.

प्रवाहच का? कारण एकाच वाटेनं फिरणारा प्रवाह त्या वाटेवर सगळीकडे सारखाच असतो. तार लांब असली की व्होल्ट वाटेत कमी होतात, प्रवाह मात्र इकडे जेवढा, तेवढाच तिकडे.

शून्य नाही, चार!

आता खरी गंमत. हा प्रवाह मोजतात मिलिअँपिअरमध्ये. समजा, पाण्याची पातळी सांगायची आहे. टाकी पूर्ण भरलेली असेल तर 20 मिलिअँपिअर, निम्मी असेल तर 12. आणि रिकामी असेल तर? ‘शून्य!’ असंच ओरडलात ना? नाही. रिकाम्या टाकीला असतात 4.

थोडं थांबा आणि विचार करा. रिकाम्यासाठी शून्य ठरवलं असतं आणि एखाद्या रात्री उंदरानं तार कुरतडली असती, तर? तुटलेल्या तारेतून प्रवाह शून्यच. मग कंट्रोल रूममधल्या माणसाला कसं कळणार, की टाकी खरोखर रिकामी आहे की तारच तुटली आहे? दोन्हींचा आकडा एकच! पण खालची पायरी 4 ठेवली की घोळच संपला. 4 म्हणजे ‘टाकी रिकामी आहे, पण मी शाबूत आहे.’ शून्य म्हणजे ‘माझ्यावर विश्वास ठेवू नका, मला आधी दुरुस्त करा.’ आजचे बरेच ट्रान्समीटर तर आपल्यातच बिघाड झाला की प्रवाह मुद्दाम 3.6 च्या खाली नेतात किंवा 21 च्या वर, म्हणजे लगेच लक्षात यावं.

त्या 4 चा आणखी एक उपयोग आहे. ट्रान्समीटर चालायला थोडी वीज लागतेच. ती याच दोन तारांतून येते आणि या 4 मिलिअँपिअरमध्येच भागते. वेगळी वायर ओढायलाच नको!

‘काहीच नाही’ आणि ‘मला कळत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यंत्राला इतक्या सोप्या युक्तीनं शिकवता येतं. अवघ्या चार मिलिअँपिअरची ही युक्ती, आणि तिच्या भरवशावर जगभरातल्या प्रचंड भट्ट्या चालतात!

जोडणी आणि सेटिंग

हंगाम संपला, कारखाना बंद झाला, की इन्स्ट्रुमेंट विभागातल्या माणसांची खरी धावपळ सुरू होते. प्रत्येक ट्रान्समीटर तपासायचा, जंक्शन बॉक्स उघडून साफ करायचे, सैल झालेले स्क्रू आवळायचे. प्रत्येक तारेच्या टोकाला नंबर छापलेली इवलीशी नळी घालतात, तिला फेरूल म्हणतात. शेकडो तारांमधून नेमकी तार शोधायची ती या नंबरावरून.

तारांची जोडी एकमेकींभोवती पिळलेली असते. त्यामुळे शेजारच्या मोटारींचा विजेचा गोंगाट दोन्ही तारांत जवळजवळ सारखाच शिरतो आणि वजा होऊन जातो. वरून धातूचं आवरण असतं. ते एकाच टोकाला अर्थिंगला जोडायचं. दोन्ही टोकांना जोडलं, तर दोन ठिकाणच्या जमिनीतल्या विजेच्या दाबातल्या फरकामुळे त्या आवरणातून प्रवाह वाहू लागतो, आणि गोंगाट थांबायच्या ऐवजी आतच येतो.

मग सेटिंग. ट्रान्समीटरला सांगावं लागतं, की बाबा, तुझा 4 म्हणजे किती अंश आणि 20 म्हणजे किती. यासाठीही वेगळी तार लागत नाही. 1980 च्या दशकात ‘हार्ट’ नावाची पद्धत निघाली. तिच्यात त्याच प्रवाहावर अगदी छोटी लहर चढवतात. सेकंदाला 1200 हेलकावे म्हणजे ‘एक’ आणि 2200 हेलकावे म्हणजे ‘शून्य’. लहर जेवढी वर जाते तेवढीच खाली येते, म्हणून मूळ आकड्याला धक्का लागत नाही. एकाच तारेतून दोन बोलणी, तीही एकाच वेळी!

पाणी फसवतं तेव्हा

बॉयलरच्या वरच्या भागात ड्रम असतो. त्यातली पाण्याची पातळी फार जपावी लागते. पाणी फार कमी झालं तर नळ्या तापून फुटतील. फार वाढलं तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये जाईल आणि पाती बिघडतील.

समजा, टर्बाइननं अचानक जास्त वाफ ओढली. ड्रममधलं पाणी कमी होऊ लागलं. पण पातळी दाखवणारा काटा मात्र वर चढतो! असं कसं? वाफ ओढल्यामुळे दाब उतरतो. दाब उतरला की पाण्यात बुडबुडे वाढतात आणि फुगतात, म्हणून पाणी वर आल्यासारखं दिसतं. नुसत्या पातळीवर विसंबणारं यंत्र म्हणेल, ‘पाणी भरपूर आहे, नळ बारीक करा.’ झाली ना पंचाईत!

म्हणून कंट्रोलर तीन गोष्टी विचारतो: पातळी किती, बाहेर वाफ किती गेली, आत पाणी किती आलं? तिन्हींचा मेळ घालून मगच तो पाण्याचा व्हॉल्व्ह हलवतो.

सातासमुद्रापारची छोटी बहीण

तुमची एखादी आत्या किंवा काका अमेरिकेत थंडीच्या गावात राहत असतील, तर त्यांच्या तळघरात घर गरम ठेवणारी छोटी भट्टी असण्याची शक्यता आहे. जुन्या भट्टीला भिंतीवरचा थर्मोस्टॅट एवढंच सांगू शकायचा: ‘पेट’ किंवा ‘वीझ’. नव्या बोलक्या भट्टीला साधारण चार तारा पुरतात. दोन विजेच्या, दोन बोलण्याच्या. पहिल्यांदा चालू केली की भट्टी आणि थर्मोस्टॅट एकमेकांची ओळख करून घेतात. पंखा किती वेगानं फिरवायचा हे ठरतं, आणि पुढे काही बिघडलं तर भट्टी स्वतःच कळवते. माळेगावची भट्टी उसाच्या भुशावर पेटते, ही बहुतेक वेळा गॅसवर. बोलायची गरज दोघींना सारखीच.

आता तुम्ही सांगा!

एक ट्रान्समीटर 0 ते 600 अंशांसाठी लावला आहे. 0 अंशाला 4 मिलिअँपिअर आणि 600 अंशांना 20. मग 12 मिलिअँपिअर म्हणजे किती अंश? 8 म्हणजे किती? आणि 2 म्हणजे किती?

उत्तरं: 12 म्हणजे 300 अंश आणि 8 म्हणजे 150 अंश. 2 साठी कुणी ‘उणे 75 अंश’ असं उत्तर काढलं असेल, तर त्याचं गणित पक्कं आहे, शाबास! पण पेटलेल्या भट्टीत उणे 75 अंश कुठून येणार? बरोबर उत्तर आहे: ‘हे तापमानच नाही. आधी ट्रान्समीटर आणि तार तपासा.’ शाळेची सहल कारखान्यात गेली, की कंट्रोल रूममधल्या काकांना किंवा ताईंना जरूर विचारा: ‘तार तुटली तर तुम्हाला कसं कळतं?’