माळ्यावरची दिव्यांची माळ

गणपती जवळ आले की घरोघर माळ्यावरची ट्रंक खाली उतरते. मखराचे पुठ्ठे, जरीचा पडदा, रंग उडालेली कागदी फुले असे एकेक सामान निघते आणि अगदी तळाशी सापडतो तो दिव्यांच्या माळेचा गुंता. आमच्या ट्रंकेत अशीच एक माळ आहे. गावात वीज आली त्यानंतर दोन वर्षांनी, १९७४ साली, वडिलांनी ती तालुक्याच्या गावाहून आणली. सहा-सहा व्होल्टचे चाळीस बल्ब. लाल, हिरवे, पिवळे. तेव्हा सारी आळी ती पाहायला आली होती.

गेल्या गणपतीत नातवाने कोणाला न विचारता ती माळ प्लगला लावली. दिवे लागले, पोरांनी टाळ्या पिटल्या. पाचच मिनिटांत मखरामागून करपल्याचा वास आला. सौ.ने धावत जाऊन बटण बंद केले. पाहतो तो एका सांध्याजवळ वायरीचे आवरण तडकून तार उघडी पडलेली आणि पडद्याला रुपयाएवढे भोक. देवानेच सांभाळले म्हणायचे!

मुलगा म्हणाला, "अण्णा, द्या फेकून. थोडक्या पैशांत नवी येते." त्याचे चूक नव्हते. पण माझा हात होईना. मग या जुन्या माळांविषयी जे जे मिळाले ते वाचत गेलो, तेव्हा कळले की अशा माळा जपणारा मी एकटाच वेडा नाही. तिकडे अमेरिकेत नाताळच्या जुन्या दिव्यांचे संग्रह करणारी शेकडो माणसे आहेत. नाताळच्या जुन्या सजावटीच्या शौकिनांनी १९८० साली आपली एक संस्थाच काढली.

मेणबत्ती गेली, बल्ब आला

नाताळात घरात सूचिपर्णी झाड आणून ते सजवायचे, ही मूळची जर्मन लोकांची चाल. पूर्वी त्या झाडाच्या फांद्यांवर जळत्या मेणबत्त्या लावीत. वाळत चाललेले झाड आणि त्यावर उघडी ज्योत! आगी लागत, म्हणून झाडाशेजारी पाण्याची बादली ठेवावी लागे.

एडिसनने १८७९ साली विजेचा दिवा लोकांना दाखवला. त्याचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने पुढे तीनच वर्षांनी, डिसेंबर १८८२ मध्ये, न्यूयॉर्कच्या आपल्या घरात लाल, पांढरे व निळे असे ऐंशी बल्ब लावून झाड उजळले. ते झाड विजेवर हळूहळू फिरतही होते. पण हे श्रीमंताचे कौतुक झाले. प्रत्येक बल्बची तार हाताने जोडावी लागे आणि त्यासाठी जाणता वायरमन घरी बोलवावा लागे.

१९०३ च्या सुमारास तयार जोडलेल्या माळा दुकानात आल्या. तरीही एका माळेला साध्या कामगाराची आठवडाभराची कमाई मोजावी लागे. हळूहळू कारखाने वाढले, भाव उतरले. १९२६ साली अशा माळा बनवणाऱ्या अनेक छोट्या कंपन्या एकत्र येऊन 'नोमा' ही मोठी कंपनी झाली आणि तिचे नाव घरोघर पोचले.

त्या काळच्या पुष्कळ बल्बांवर 'माझदा' असे नाव असे. ते कोठून आले, ठाऊक आहे? आपल्या पारशी बांधवांच्या अहुर माझदा या देवाच्या नावावरून! अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९०९ साली आपल्या बल्बांसाठी ते घेतले.

एक गेला की सगळे गेले

जुन्या अमेरिकन माळेत आठ बल्ब असत. तेथे घरात साधारण १२० व्होल्टची वीज येते. आठ बल्ब एकामागे एक, म्हणजे एकसर पद्धतीने जोडले, की प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा व्होल्ट येतात. आमच्या माळेचाही हिशोब तोच. सहा व्होल्टचे चाळीस बल्ब म्हणजे दोनशे चाळीस. आपली वीज दोनशे तीसची.

या पद्धतीत माळ स्वस्त पडते, पण खोड एक. पाटाला मध्येच बांध घातला तर पुढच्या वाफ्यांना पाणी मिळत नाही. विजेचे त्याहून वाईट : एक बल्ब गेला की पुढचे-मागचे सगळेच विझतात. मग सारे घर खाली बसून गेलेला बल्ब शोधणार. एक चांगला बल्ब हातात घ्यायचा आणि तो पहिल्या जागी, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या जागी लावून पाहायचा. अमेरिकेतील म्हाताऱ्या माणसांच्या नाताळच्या आठवणीत हा शोध हमखास असतो. आपल्याकडे तरी काय वेगळे होते?

पुढे समांतर जोडणीच्या माळा आल्या. त्यात एक दिवा गेला तरी बाकीचे जळत राहतात.

शेतावरचा अंधार

हे सारे शहरात चालले होते. खेड्यात काय होते? आज खरे वाटणार नाही, पण १९३५ च्या सुमारास अमेरिकेतही शंभरातल्या जेमतेम दहा-अकरा शेतकऱ्यांकडे वीज होती. घरे लांब लांब, तारा ओढणे परवडत नाही, असे वीज कंपन्या म्हणत. ज्यांना झेपेल ते शेतकरी तेलावरचे छोटे इंजिन आणि काचेच्या सोळा बॅटऱ्या घेऊन घरापुरती ३२ व्होल्टची वीज करीत. बाकीच्यांच्या घरी रॉकेलचा दिवा.

१९३५ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विजेसाठी खास खाते काढले. त्या खात्याने कर्ज दिले आणि शेतकऱ्यांनी पाच-पाच डॉलर भरून आपल्या सहकारी वीज संस्था उभ्या केल्या. वीस वर्षांत बहुतेक शेतांवर दिवे लागले. आपल्याकडे श्रीरामपूर भागात मुळा-प्रवरा ही सहकारी वीज संस्था निघाली तीही याच वाटेने. तिने २०११ पर्यंत गावोगाव वीज पुरवली. म्हणूनच शेतकऱ्याच्या घरची पहिली माळ ही नुसती शोभा नसते. अंधार गेला, त्याची ती खूण असते. मग ते घर आयोवातले असो की आपले.

दुकानातली शाळा

वडिलांनी माळ आणली ते दुकान एका खणाचे होते. छताला वायरींची वेटोळी टांगलेली, भिंतीला काळ्या बटणांचे बोर्ड आणि फळीवर एक लाकडी पाटी : त्यावर होल्डर, शेजारी बटण. गिऱ्हाइकाने बल्ब मागितला की दुकानदार शेठ तो आधी पाटीवर लावून दाखवत, मगच कागदात गुंडाळून देत. "घरी जाऊन लागला नाही म्हणाल तर? इथंच बघून घ्या," असे म्हणत. माळेसोबत त्यांनी दोन बल्ब वरकड दिले आणि गेलेला बल्ब कसा शोधायचा तेही वडिलांना उभ्याउभ्या शिकवले. तो माल ते मुंबईच्या लोहार चाळीतून आणीत. आज तेथे मोबाईलचे दुकान आहे.

अमेरिकेतल्या गावांतही हार्डवेअरच्या दुकानात नाताळचे बल्ब सुटे मिळत आणि फळीवर तपासून दिले जात. संग्राहकांना बल्बाइतकाच त्या खोक्यांचा, त्यावरच्या चित्रांचा आणि दुकानाच्या चिठ्ठीचा मोह असतो, तो याचमुळे.

काय काय जमवतात?

पहिल्या महायुद्धाआधी ऑस्ट्रियात फळे, पक्षी, प्राणी यांच्या आकाराचे काचेचे बल्ब बनत. नंतर जपानने दुधी काचेवर हाताने रंग देऊन ते भरपूर केले. यांना मोठी मागणी असते. त्याहून नवलाचा दिवा बुडबुड्यांचा. कार्ल ओटिस नावाच्या एका हिशेबनिसाने तो शोधला आणि १९४६ साली 'नोमा'ने बाजारात आणला. काचेच्या बारीक नळीत मिथिलीन क्लोराइड हे द्रव भरलेले असते. ते सुमारे चाळीस अंशांनाच उकळते. खाली छोटा बल्ब तापला की नळीत बुडबुडे सुरू! मात्र हे द्रव विषारी आहे. नळी फुटली तर मुलांना दूर ठेवून खिडक्या उघडाव्यात.

जपा, पण जपून

जाणते संग्राहक जुनी माळ एकदम विजेला लावीत नाहीत. आधी वायर बोटांनी वाकवून पाहतात. कडक झाली, तडकली, की ती माळ फक्त पाहण्यापुरती. आपणही चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुनी माळ कापड, कागद, थर्माकोल यांवर लावू नये. उघड्या सांध्यावर नुसती चिकटपट्टी गुंडाळून काम भागवू नये. ओल्या हाताने बल्ब काढू-घालू नये आणि आधी प्लग काढावा. परदेशातून कोणी १२० व्होल्टची माळ आणली तर ती आपल्या प्लगला कधीही लावू नये.

आमच्या माळेचे काय केले? प्लगची पिन कापून टाकली, म्हणजे पुन्हा कोणी लावायला नको. मग नातवाला जवळ घेतले. टॉर्चचे चार सेल ओळीने लावले की सहा व्होल्ट होतात. दोन तारा घेऊन त्याने एकेक बल्ब तपासला. चाळीसच्या चाळीस लागले! शेवटचा लागला तेव्हा तो म्हणाला, "अण्णा, पणजोबांनी पारखून घेतले होते ना?"

आता ती माळ खोक्यात आहे. वर चिठ्ठी चिकटवली आहे, नातवाच्याच अक्षरात : 'पणजोबांची माळ, १९७४. विजेला लावू नये. फेकू नये.'