बेळगावात राहून गेलेले ‘बाबा’

‘बाबा ओरायली’ हे ‘द हू’ या इंग्लिश बँडचं १९७१ चं गाणं तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. गाणं नाही तरी त्याची सुरुवातीची धून नक्की, कारण ‘सीएसआय: न्यूयॉर्क’ मालिका त्यावरच सुरू व्हायची. पण त्यातले बाबा कोण? ओरायली हा भाग अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांच्यावरून आला. आणि बाबा म्हणजे मेहेरबाबा. १८९४ साली पुण्यात एका इराणी कुटुंबात जन्मलेले, डेक्कन कॉलेजात शिकलेले.

बँडचा गिटारवादक आणि मुख्य गीतकार पीट टाउनशेंड त्यांचा भक्त झाला. त्याच काळात त्यानं ‘टॉमी’ हा रॉक ऑपेरा रचला. मे १९६९ मध्ये तो आला, तेव्हा मेहेरबाबांना जाऊन चारच महिने झाले होते. अल्बमच्या श्रेयनामावलीत त्यांचा उल्लेख ‘अवतार’ असा आहे.

गोष्ट अशी: डोळ्यांदेखत खून पाहिल्यावर टॉमी हा मुलगा आंधळा, बहिरा, मुका होतो. पिनबॉलमध्ये मात्र त्याचा हात धरणारा कोणी नाही. पुढे तो बरा होतो आणि लोक त्याला तारणहार मानू लागतात. मग तो अनुयायांना सांगतो, डोळे झाका, कान-तोंड बंद करा आणि माझ्यासारखे खेळा. लोक भडकतात, त्याला झुगारून देतात. भक्तानं लिहिलेली गोष्ट, आणि तीत तारणहाराचीच फजिती! मला ‘टॉमी’ आवडतो तो यासाठी. टॉमीच्या मुकेपणात मला मेहेरबाबांचं मौनही दिसतं. १० जुलै १९२५ ला त्यांनी बोलणं थांबवलं, ते शेवटपर्यंत.

आता आपल्या गावाकडे येऊ. ऑक्टोबर १९४९ मध्ये मेहेरबाबांनी ‘नवजीवन’ सुरू केलं. आश्रम, मालमत्ता सोडली, वीस सोबती घेतले आणि अहमदनगरहून निघून आधी आले ते बेळगावात. कष्टाच्या जिण्याची सवय इथंच करायची होती. नोव्हेंबरात मंडळी बनारसकडे गेली. या काळात कुणी त्यांच्या पाया पडायचं नाही, गुरू मानायचं नाही, बरोबरचा सोबती मानायचं, असा दंडक होता.

आमच्या घरी पांडुरंगाची माळ. पुण्याच्या कुणा गृहस्थाला अवतार म्हणणं मला जमणार नाही. पण कॉन्सर्टमध्ये गायकापुढे हात उंचावून उभी राहिलेली पोरं पाहिली, की टॉमीचे अनुयायी आठवतात. आणि स्वतःला अवतार म्हणवणारा माणूस बेळगावच्या थंडीत ‘पाया पडू नका’ म्हणत होता, हेही आठवतं.

‘टॉमी’ ऐकायचा तर पहिल्यापासून ओळीनं ऐका, मधलं एखादं गाणं उचलून नको. सव्वा तास लागतो.