कारणासकट निकाल

अमेरिकेतल्या आयोवा राज्याची राजधानी डेमॉइन. तिथे दर ऑगस्टमध्ये अकरा दिवस राज्याची जत्रा भरते आणि दहा लाखांहून जास्त माणसं तिला येतात. बातम्यांमध्ये दिसतात ते काडीला टोचून तळलेले नाना पदार्थ, आकाशपाळणे, मतांसाठी फिरणारे अध्यक्षपदाचे उमेदवार आणि काचेच्या थंडगार कपाटातली लोण्याची गाय. लाकूड आणि तारेच्या जाळीच्या सांगाड्यावर सुमारे ६०० पौंड लोणी थापून ती घडवतात, आणि ही प्रथा १९११ पासूनची आहे. हे सगळं पाहावं, खावं, आनंद घ्यावा. पण या जत्रेचा कणा मला दुसरीकडे दिसतो. गुरांच्या रिंगणात, जेलीच्या बरण्या मांडलेल्या टेबलाशी, पोरांनी शिवलेल्या कपड्यांपाशी एकच गोष्ट सतत चाललेली असते. कोणीतरी आपलं काम चारचौघांसमोर मांडतं, जाणकार माणूस ते पारखतो आणि निकालाबरोबर त्याचं कारणही सांगतो. १८५४ मध्ये फेअरफील्ड या गावी सुरू झालेल्या या जत्रेने समाजाला जे दिलं, त्यात ही सवय सगळ्यांत मोलाची आहे, असं माझं म्हणणं आहे.

दुभत्या गाईंचं रिंगण नीट पाहिलं की हे पटतं. जमिनीवर लाकडाचा भुसा अंथरलेला असतो. गाई धरणारे पांढऱ्या कपड्यांत असतात आणि गाईकडे तोंड करून, उलट पावली, सावकाश चालतात. एक डोळा गाईच्या पायांवर, दुसरा परीक्षकावर. परीक्षक आधी लांबून पाहतो, मग बाजूने, मग मागे जाऊन थांबतो, आणि सगळ्यांत जास्त वेळ तो तिथेच घालवतो. त्याला सबळ कारण आहे. अमेरिकेत दुभत्या गाईसाठी जी गुणपत्रिका वापरतात, तिच्यातल्या १०० गुणांपैकी ४० एकट्या कासेचे असतात. कास मागून किती उंचावर आणि किती रुंद जोडली आहे, मधला बंध घट्ट आहे का, सड चारही कोपऱ्यांत सरळ आहेत का, कासेचा तळ मागच्या पायाच्या ढोपराच्या वर राहतो का, हे सगळं बघायचं. लोंबणारी कास चिखलात माखते, पायाला घासते, यंत्र तिला नीट बसत नाही, स्तनदाह होतो आणि चांगली गाय दोन-तीन वेतांतच बाद होते. म्हणजे वरवर रूपाची वाटणारी ही परीक्षा खरं तर गाय किती वर्षं टिकेल याचा अंदाज असते. सगळ्या गाई क्रमाने उभ्या राहिल्या की परीक्षक ध्वनिक्षेपक हातात घेतो. पहिली दुसरीच्या वर का, दुसरी तिसरीच्या वर का, हे तो जोडीजोडीने सांगतो. मला सर्वांत आवडतो तो त्यातला मान्यतेचा भाग. खालच्या क्रमांकाची गाय एखाद्या बाबतीत वरचीपेक्षा सरस असेल, तर तेही बोलून दाखवायचं आणि तरीही पारडं इकडे का झुकलं ते सांगायचं. हरलेल्याच्या गुणांची अशी जाहीर नोंद किती स्पर्धांमध्ये होते?

हेच खाद्यपदार्थांच्या दालनातही चालतं. परीक्षक जेलीची बरणी उजेडासमोर धरतो, ती गढूळ आहे का ते पाहतो, चमच्याने कापलेला तुकडा आपला आकार धरून राहतो का ते तपासतो, आणि चव घेताघेता समोर बसलेल्या लोकांना ऐकू जाईल असं बोलत राहतो. पण या सवयीचं खरं शिक्षण मिळतं ते मुलांच्या पशुपरीक्षण स्पर्धेत. तिथे मुलं जनावर आणत नाहीत, ती पारखायला येतात. चार जनावरांचा गट समोर असतो. त्यांचा क्रम लावायचा आणि मग पंचासमोर उभं राहून, साधारण दोन मिनिटांत, त्या क्रमाची कारणं तोंडी मांडायची. कारणं विचारलेल्या गटात क्रमाला ५० गुण असतात आणि कारणांनाही ५०. चुकाही तोलून मोजतात. दोन जवळपास सारख्या जनावरांची अदलाबदल झाली तर थोडे गुण जातात, ढळढळीत फरक दिसला नाही तर बरेच. बरोबर उत्तराइतकंच मोल त्या उत्तरापर्यंत पोचण्याच्या वाटेला देणाऱ्या परीक्षा आपल्याही शाळांत फार नाहीत. आणि ऐकणारेही मुकाट्याने ऐकत नाहीत. पहिल्याच जत्रेत स्त्रियांच्या घोडेस्वारीची स्पर्धा झाली. पंचांनी सोन्याचं घड्याळ एकीला दिलं, पण जमावाच्या मते ते १३ वर्षांच्या एका मुलीचं होतं. लोकांनी तिथल्या तिथे वर्गणी काढून त्या मुलीच्या शिक्षणासाठी पैसे जमवले.

यावर सर्वांत जोरकस आक्षेप आयोवाच्याच इतिहासातून येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे मक्याच्या कणसांच्या स्पर्धांची लाट आली होती. कृषी महाविद्यालयातले प्राध्यापक पेरी होल्डन हे तिचे मोठे प्रचारक. सरळसोट कणीस, नेटक्या ओळी, टोकापर्यंत भरलेले दाणे, असं कणीस उत्तम आणि तेच बियाण्याला ठेवावं, असं ते शिकवत. १९०४ मध्ये १६ वर्षांच्या हेन्री वॉलेसने होल्डन यांनी पारखलेली कणसं घेतली, प्रत्येक कणसाचे दाणे वेगळ्या ओळीत पेरले आणि उत्पन्न मोजलं. सुंदर कणसांनी बाजी मारली नाही. होल्डन यांना सर्वोत्तम वाटलेलं कणीस तर उत्पन्नात तळाच्या कणसांत निघालं. हाच वॉलेस पुढे अमेरिकेचा कृषिमंत्री आणि उपाध्यक्ष झाला. १९२६ मध्ये त्याने संकरित मक्याची जी कंपनी काढली, तीच पायोनियर, महाराष्ट्रातल्या मका उत्पादकांच्या ओळखीची. तेव्हा प्रश्न असा की डोळ्यांनी केलेली पारख इतकी फसवी असेल, तर तिचं कौतुक कशाला?

मला ही गोष्ट उलट पुरावा वाटते. होल्डन यांनी आपले निकष उघड सांगितले होते, म्हणून ते तपासता आले. ‘चांगला मका मला बघताच कळतो’ एवढंच ते म्हणाले असते, तर त्या मुलाला पेरून बघण्यासारखं काही हाती लागलं नसतं. चूक मापात होती. माप लोकांसमोर ठेवण्यात चूक नव्हती, आणि ते ठेवलं म्हणूनच बदललं. १९२० पासून आयोवात मक्याच्या उत्पन्नाच्या रीतसर चाचण्या सुरू झाल्या. गाईंच्या गुणपत्रिकेतली विभागणीही वेळोवेळी बदलली आहे.

पैशाचा आक्षेप मात्र मला जड वाटतो. विजेत्या गोऱ्ह्याच्या लिलावात बाजारभावाच्या कित्येक पट रक्कम मिळते आणि जिथे असा पैसा तिथे लबाडी येते. १९९०च्या दशकात मुलांच्या मोठ्या पशुप्रदर्शनांत स्नायू वाढवणाऱ्या बंदी असलेल्या औषधाची प्रकरणं उघडकीला आली. दुभत्या गाईंच्या बाबतीत कास टंच दिसावी म्हणून वेळेवर दूध न काढण्याचा प्रकार होतो. तो जनावराचा छळच आहे. आता विजेत्या जनावरांच्या औषध-चाचण्या होतात आणि मोठ्या प्रदर्शनांत कासेची सोनोग्राफीही होते. तरी माझ्या मते मुलांच्या बाबतीत लिलाव आणि क्रमांक यांची गाठ सोडायला हवी. शिष्यवृत्तीसाठी जमणारा पैसा सगळ्या सहभागींमध्ये वाटता येईल. क्रमांकाला फीत आणि कारणं पुरेशी आहेत.

राहिला शेवटचा मुद्दा. शेतकरी घरं कमी झाली, आयोवातली डुकरं बंद शेडमध्ये वाढतात, वळूची निवड जनुकीय चाचणीच्या आकड्यांवर होते. मग भुशावर फिरणारी गाय कोणाच्या कामाची? गाय सगळ्यांच्या कामाची नसेलही, पण रीत गाईपुरती नाही. ग्रामीण मुलांच्या ज्या मंडळांतून आजची फोर-एच संघटना उभी राहिली, त्यांतलं एक आयोवातल्या क्लॅरिंडाजवळ जेसी फील्ड शॅम्बॉ या शिक्षिकेने चालवलं होतं. आज त्या संघटनेत शहरातली मुलं छायाचित्रण, सुतारकाम, शिवण, यंत्रमानव घेऊन येतात. जिल्ह्याच्या जत्रेत परीक्षक मुलाला समोर बसवून विचारतो, ‘काय करायचं ठरवलं होतंस? कुठे अडलं? पुढच्या वेळी काय बदलशील?’ उत्तरं ऐकून तो शेरा लिहितो आणि फीत देतो. निवडलेल्या वस्तू मग डेमॉइनला जातात. दहा वर्षांच्या मुलाला आपल्या वाकड्या सांध्याबद्दल परक्या मोठ्या माणसाशी न घाबरता बोलावं लागतं आणि तो माणूस ते लक्ष देऊन ऐकतो. याची गरज शेती घटल्याने कमी झालेली नाही.