मोडीच्या भावापलीकडची किंमत

खरेदीसाठी वा मुलांच्या शिक्षणाच्या निमित्ताने पुण्याला जाणे मराठवाड्यातील व्यापारी कुटुंबांना नवे नाही. लक्ष्मी रस्ता, शनिवारवाडा, सारसबाग हे ठरलेले टप्पे. याच परिसरात, बाजीराव रस्त्यालगतच्या नातूबागेत, एक आगळा वाडा उभा आहे. एका गृहस्थाने तो जुन्या वस्तूंनी असा भरला की अखेर त्याचेच संग्रहालय झाले. हेच राजा दिनकर केळकर संग्रहालय होय.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा घरचा व्यवसाय चष्म्यांचा. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमविण्याचा नाद लागला आणि तो आयुष्यभर सुटला नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा बालपणीच वारला. संग्रहालयाच्या नावातील ‘राजा’ म्हणजे कोणी संस्थानिक नव्हे. तो हा मुलगा. पत्नी कमलाबाईंच्या साथीने केळकर गावोगाव हिंडले व पदरचा पैसा घालून संग्रह वाढवीत राहिले.

दालनांतून फिरताना पाहणाऱ्याला प्रथम नवल वाटते, मग ओळख पटू लागते. येथे अडकित्तेच किती प्रकारचे! पाय घासण्याच्या वज्रीवरही कारागिराने पशुपक्षी घडविले आहेत. दिवे, कुलपे, दौती, फण्या, कुंकवाचे करंडे, हुक्के, सोंगट्या, स्वयंपाकघरातील भांडी, कोरीव दारे-खिडक्या आणि वाद्ये यांची गर्दी आहे. माशाच्या खवल्यांचे चिलखतही आहे. कोथरूड येथील मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांतून एक दालनच पुन्हा उभारले आहे. एकूण वस्तू २०,००० च्या घरात. एका वेळी त्यांतील काही भागच मांडला जातो.

यांतील बहुतेक वस्तू राजवाड्यांतील नाहीत. त्या सामान्य घरांत रोज वापरल्या गेल्या आणि जुन्या झाल्यावर टाकून देण्याजोग्या ठरल्या. हिशेबाच्या रीतीप्रमाणे वस्तूवर दरवर्षी घसारा चढतो आणि शेवटी मोडीची किंमत तेवढी उरते. केळकरांनी मात्र धातूच्या वजनाबरोबर कारागिराचा हात आणि घरातील वापरही हिशेबात धरला.

या संग्रहाचा पुढील टप्पाही विचार करायला लावणारा आहे. एवढी मालमत्ता वारसांत वाटली गेली असती, तर चार घरांत विखुरून पुढे बाजारात गेली असती. १९७५ मध्ये केळकरांनी संपूर्ण संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. म्हणूनच तो आज अखंड पाहता येतो.

अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूर हे परळी–लातूर रोड रेल्वेमार्गावरचे गाव. अशा गावांतील जुन्या पेढ्यांच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. वाडा पाडून नवी इमारत बांधायची ठरली की माळा रिकामा होतो. तांब्याचे हंडे, गंगाळे, पितळी डबे तोलून मोडीत जातात; मोडी लिपीतील रोजमेळ आणि खतावण्या रद्दीत जातात. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-लिटर आले आणि शेर-पायलीची मापे अडगळीत पडली. ज्या मापांनी आजोबांनी धान्य मोजले, ती नातवाला ओळखताही येत नाहीत.

प्रत्येक घराचे संग्रहालय होऊ शकत नाही. जागा अपुरी असते आणि वाटण्याही व्हायच्या असतात. तरी माळा रिकामा करण्यापूर्वी एक वही घालता येईल. वस्तूचे नाव, तिचा उपयोग, ती कोणाच्या काळात कोठून आली, आता कोणाकडे आहे, असे चार रकाने पुरेत. सोबत छायाचित्र असावे. हिशेबाच्या जुन्या वह्या मोडी वाचणाऱ्या जाणकाराला दाखवूनच पुढचा निर्णय घ्यावा. घरातील वडीलधारी माणसे सांगू शकतात, तोवरच हे रकाने भरता येतील.

पुण्याच्या पुढील फेरीत दोन-तीन तास नातूबागेसाठी ठेवावेत आणि शक्य असल्यास आजीला सोबत न्यावे. काचेपलीकडची अनेक भांडी तिने स्वतः वापरलेली असतील. त्यांच्याविषयी ती जे सांगेल ते शेजारच्या पाटीवर लिहिलेले नसेल; ते नातवंडांनी तेथेच टिपून घ्यावे.